परतीच्या पावसातले रविवार : हंगामाच्या दिवसांत वचनावर मनन कसं तयार करावं

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकसाहेबांकडे बरीच गावं आहेत. ते प्रभुभोजनाच्या रविवारी येतात. बाकीच्या रविवारी मंडळीतल्याच कुणाला तरी वचन सांगायला उभं राहावं लागतं. कधी ज्येष्ठ उभे राहतात, कधी महिला मंडळातल्या ताई, कधी शब्बाथ शाळेचे शिक्षक. हा लेख अशा माणसांसाठी आहे. आम्ही कुणी धर्मविद्यालयात शिकलेलो नाही, पण समोर बसलेल्या प्रत्येकाचं घर आम्हाला ठाऊक आहे, आणि संदेशाच्या तयारीत ही मोठी पुंजी आहे.

भाद्रपद संपत आला की दिवाळीपुढच्या दोन-तीन आठवड्यांपर्यंतचे रविवार मला वर्षातले सगळ्यांत अवघड वाटतात. बाजरी, सोयाबीन निघत असतं, ज्वारीची पेरणी चालू असते, परतीचा पाऊस डोक्यावर असतो. याच दिवसांत मंडळीत हंगामाचा सण येतो. कुणी त्याला उपकारस्तुतीचा सण म्हणतं. मुंबईच्या ईस्ट इंडियन कॅथलिक समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो, नव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद दिला जातो.

एका वर्षी हंगामाच्या सणाला माझा संदेश तयार होता. देवाने भरभरून दिलं, हा विषय. आदल्या आठवड्यात पाच दिवस पाऊस लागून राहिला आणि कापून टाकलेल्या बाजरीच्या कणसांना मोड फुटले. अर्पणाच्या वेळी लोकांनी भोपळे, नारळ, कोंबड्या पुढे आणल्या. एका मावशीने त्यांच्या शेजारी मोड आलेल्या कणसांची पेंढी ठेवली आणि जागेवर जाऊन बसली. काही बोलली नाही. मी लिहून आणलेलं होतं तसंच वाचलं. घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. तेव्हापासून माझी एकच कसोटी आहे : त्या पेंढीकडे बघत जे वाक्य म्हणता येणार नाही, ते या दिवसांतल्या संदेशात घ्यायचं नाही. पुढची सगळी कृती या कसोटीवर उभी आहे.

सोमवार : उतारा ठरवा

मनाला येईल तो उतारा घेण्याची सवय सोडा. आपण आवडीची तीच ती दहा वचनं फिरवत राहतो. तुमच्या मंडळीच्या दिनदर्शिकेत त्या रविवारचे पाठ दिले असतील तर तेच घ्या. कॅथलिक मंडळीत आणि अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाठांचं चक्र तीन वर्षांचं असतं : एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान अधूनमधून तिन्ही वर्षांत. वर्ष आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी बदलतं. 2026 चा शरद मत्तयाच्या वर्षात येतो, 2027 चा मार्काच्या आणि 2028 चा लूकच्या.

मत्तयाच्या वर्षात सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून सलग तीन रविवार द्राक्षमळा येतो. आधी वेगवेगळ्या वेळी कामाला लागलेले मजूर (20:1-16), मग बापाने मळ्यात जायला सांगितलेले दोन मुलगे (21:28-32), मग खंडाने घेतलेला मळा बळकावू पाहणारे शेतकरी (21:33 पासून). नाशिककडच्या मंडळ्यांनी याकडे नीट बघावं. नेमक्या त्याच आठवड्यांत तिकडे गोडी छाटणीची धांदल असते, पहाटे मजुरांच्या गाड्या फिरत असतात. संध्याकाळी पाच वाजेपर्यंत नाक्यावर उभा राहून "आम्हाला कोणी कामाला लावलं नाही" असं सांगणारा माणूस तिथे कुणाला समजावून द्यावा लागत नाही.

हंगामाच्या सणासाठी वेगळा उतारा हवा असेल तर अनुवाद 26:1-11 किंवा अनुवाद 16:13-15, लेवीय 23:33-43, स्तोत्र 65, स्तोत्र 126, योएल 2:21-27, हबक्कूक 3:17-19, लूक 12:13-21, लूक 17:11-19 यांतून एक निवडा. एकच. तीन उतारे जोडून केलेल्या संदेशातून लोक एकही घरी नेत नाहीत.

मंगळवार : तिथला हंगाम आणि इथला हंगाम शेजारी मांडा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते, म्हणून इथे जरा थांबतो.

आपल्या मराठी पवित्र शास्त्रात पावसाची दोन नावं भेटतात : आगोटीचा पाऊस आणि वळवाचा पाऊस. शब्द आपल्या मातीतले आहेत, त्यामुळे वाचताना आपण गृहीत धरतो की वळीव मे महिन्यात गडगडाट करून जातो आणि आगोट जूनमध्ये लागते. इस्राएल देशात क्रम उलटा आहे. तिथे मे ते सप्टेंबर जवळजवळ कोरडे जातात. पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो, त्याने तापलेली जमीन मऊ होते, नांगर चालतो आणि गहू, सातू पेरले जातात. ही त्यांची आगोट. मार्च-एप्रिलमधला शेवटचा पाऊस कणसात दाणा भरतो. तो त्यांचा वळीव. सातूची कापणी वसंतात, त्यामागून गव्हाची. द्राक्षं उन्हाळ्याच्या अखेरीला उतरतात आणि जैतून शरदात.

याचा उपयोग काय? एक तर चुका टळतात. रूथ बेथलेहेमात आली ती सातूच्या हंगामाच्या सुरुवातीला, म्हणजे साधारण एप्रिलमध्ये. ऑक्टोबरात रूथवर बोलायला हरकत नाही, पण "याच दिवसांत रूथ सरवा वेचत होती" असं म्हणू नका. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. त्यांचं धान्य हिवाळ्यात वाढतं, तसं आपलं रब्बीचं वाढतं. म्हणजे हस्ताच्या पावसानंतर शाळू पेरणारा आपला शेतकरी आणि पहिल्या पावसावर सातू पेरणारा यहूदातला शेतकरी वर्षाच्या जवळपास एकाच वळणावर उभे असतात. "जे अश्रू गाळीत पेरणी करतात" हे स्तोत्र 126 मधलं वचन आपण अंत्यविधीला किंवा सुवार्ताकार्याच्या सभेला वाचतो. ते ऑक्टोबरात वाचून बघा. खरीप गेलेलं आहे, घरात राहिलेलं धान्य खावं की बियाणं म्हणून ठेवावं हा प्रश्न आहे, आणि तरी माणूस पाभर घेऊन निघाला आहे. हे रडणं कशाचं असतं ते आपल्या लोकांना विचारा, ते सांगतील.

एका कागदावर दोन रकाने करा. डावीकडे उताऱ्यातला महिना, पीक, पाऊस, काम. उजवीकडे तुमच्या गावात या आठवड्यात काय चाललंय ते. जिथे दोन्ही जुळतात तिथे खूण करा आणि जिथे जुळत नाहीत तिथेही करा. शहरातल्या मंडळीने उजव्या रकान्यात आपलं लिहावं : सहामाही परीक्षा, बोनसची वाट, कंत्राट संपत आलेलं, गावाकडून आलेला पिकाचा फोन.

बुधवार : वाचन

यात गुंतागुंत नाही. उतारा मोठ्याने तीनदा वाचा, एकदा घरातल्या कुणाकडून वाचून घ्या आणि नुसते ऐका. शक्य असेल तर दोन मराठी भाषांतरं जवळ ठेवा. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं भाषांतर त्यांच्या निधनानंतर 1924 मध्ये पूर्ण छापून आलं. ते कुणाकडे असेल तर जरूर बघा. बाईंनी साध्या माणसाला कळेल असा शब्द शोधण्यासाठी घेतलेले कष्ट ओळीओळीत दिसतात. मग उताऱ्याच्या मागचा आणि पुढचा अध्याय वाचा. योएल 2 मधलं "टोळांनी खाल्लेल्या वर्षांची भरपाई" हे वचन पहिल्या अध्यायाशिवाय सांगणं मला अप्रामाणिक वाटतं. तिथे शेतं उजाड आहेत, कोठारं ओस पडली आहेत, जनावरं हंबरताहेत आणि शेतकरी लज्जित झाले आहेत.

गुरुवार : चार घरी जाऊन या

वही घरी ठेवून जा. उताऱ्याबद्दल बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. चार घरं निवडताना एक जमीन असलेल्याचं, एक भूमिहीनाचं, एक एकट्या बाईचं आणि एक असं निवडा जे हल्ली उपासनेला येत नाही. "कसं काय चाललंय?" एवढा प्रश्न पुरतो. परत आल्यावर कानावर पडलेलं एक वाक्य लिहून ठेवा, पण संदेशात कुणाचं नाव किंवा ओळखू येईल अशी हकिकत घेऊ नका. लहान गावात "एका घरी" म्हटलं तरी सगळ्यांना घर कळतं. त्या वाक्याने संदेशाची दिशा ठरावी, एवढंच.

शुक्रवार : एक नमुना, लेवीय 23 आणि कोपी

नुसत्या सूचनांनी भागत नाही, म्हणून मी मागे तयार केलेलं एक मनन उलगडून दाखवतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगावपासून बीडपर्यंत दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि पुढचे पाच-सहा महिने मुक्काम कारखान्याच्या परिसरात, पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत. अशा गावांच्या मंडळीत तो रविवार निरोपाचा असतो. पुढच्या आठवड्यात बाकं रिकामी दिसणार असतात.

मी लेवीय 23:33-43 घेतलं. सातव्या महिन्याच्या पंधराव्या दिवसापासून सात दिवस मांडवांचा सण. काही भाषांतरांत मंडपांचा सण म्हटलंय. शेताचं उत्पन्न घरात आलं की इस्राएल लोकांनी झाडांच्या फांद्यांचे मांडव घालून त्यात राहायचं, कारण मिसरातून बाहेर आणल्यावर परमेश्वराने त्यांच्या वाडवडिलांना तसंच ठेवलं होतं. नहेम्याच्या आठव्या अध्यायात बंदिवासातून परतलेले लोक हाच नियम वाचतात, डोंगरावर जाऊन फांद्या आणतात, आणि कुणी धाब्यावर, कुणी अंगणात मांडव घालतात. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल यहुदी आजही हा सण मांडव घालून पाळतात.

मांडव आणि कोपी. जुळणी लगेच सुचली, आणि तिथेच मी घसरणार होतो. पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं : "कोपीत राहणाऱ्यांनो, तुम्ही रोजच मांडवांचा सण पाळता." गुरुवारी ऐकलेलं वाक्य मग आठवलं. एक ताई म्हणाली होती, "कोपीत रात्री पाऊस आला की पोरगं कुठं ठेवावं कळत नाही." तिच्यासमोर मला ते वाक्य म्हणता आलं नसतं. खोडलं.

पुन्हा उतारा वाचला तेव्हा दिसलं की ही आज्ञा पक्कं घर असलेल्यांना दिलेली आहे. पीक घरात आलंय, कोठार भरलंय, आणि नेमक्या त्याच वेळी देव सांगतो की आता सात दिवस बाहेर ये. ज्याला घरच नाही त्याला मांडवात जायला सांगावं लागत नाही. अनुवाद 16:14 मध्ये या सणाच्या आनंदात कोण कोण असायला हवं याची यादी आहे : मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, उपरी, पोरका, विधवा. कापणीनंतरच्या जेवणाला बांधावरच्या माणसांनाही बसवलेलं आहे.

तेव्हा संदेशाचं तोंड फिरलं. तो जाणाऱ्यांपेक्षा मागे राहणाऱ्यांसाठी झाला. आपल्या घराच्या भिंतीतून बाहेर येऊन आपण या सहा महिन्यांत काय करणार? म्हाताऱ्या आईवडिलांकडे कोण बघणार? शाळेसाठी मागे राहिलेल्या मुलांना संध्याकाळी कोण जेवायला बोलावणार? जाणाऱ्यांसाठी मी एकच वचन ठेवलं, योहान 1:14. शब्द देही झाला आणि त्याने आपल्यामध्ये वस्ती केली. मूळ ग्रीक क्रियापदात तंबू ठोकून राहण्याचा अर्थ आहे. देवाचा पुत्र कोपीत उतरला आणि पावसात भिजला, एवढंच म्हणालो. त्यावर आणखी बोलायची गरज पडली नाही.

वेळ असता तर योहान 7 कडे गेलो असतो. येशू याच सणाला यरुशलेमेत उभा होता. सणाच्या दिवसांत याजक शिलोहाच्या तळ्यातून पाणी आणून वेदीजवळ ओतत असत, कारण पुढे आगोटीची वाट होती. शेवटच्या मोठ्या दिवशी येशू मोठ्याने म्हणाला की कोणी तान्हेला असेल तर त्याने माझ्याकडे यावं. ते वेगळ्या रविवारचं मनन आहे. एकाच दिवशी सगळं सांगायचा मोह आवरा.

शनिवार : लिहून काढा

पूर्ण लिहा, मुद्दे नकोत. मुद्द्यांवरून बोलताना आपण फाटे फोडतो. पंधरा मिनिटांचं मनन म्हणजे हस्ताक्षरात साधारण सहा-सात पानं. आधी गावातलं दृश्य, मग उतारा, मग दोन्ही मिळून आजचा एक प्रश्न, हा क्रम मला जमतो. तुम्हाला दुसरा जमेल. पहिलं वाक्य नीट घासून घ्या. त्या रविवारी माझं होतं : "पुढच्या रविवारी या खोलीत निम्मी माणसं नसतील."

आता काही धोके. पीक बुडालं की ते पापाचं फळ आहे असं सूचित करणारं एकही वाक्य नको. लूक 13 मध्ये बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांचा दाखला येशूने स्वतःच काढला, आणि ते इतरांपेक्षा अधिक अपराधी होते हे ठाम नाकारलं. हाग्गयच्या पहिल्या अध्यायात अवर्षणाचा संबंध मंदिराच्या कामाशी जोडलेला आहे, पण तो शब्द संदेष्ट्याला एका ठरावीक वेळी, ठरावीक लोकांसाठी मिळाला होता. चर्चच्या इमारत निधीसाठी तो कुणी वापरला की मला फार वाईट वाटतं. "पेराल तसं उगवेल" म्हणून दानाच्या बदल्यात पिकाची हमी देऊ नका.

वाईट वर्ष असेल तर हबक्कूक 3 घ्या. आपण "तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन" या ओळीकडे धावत जातो. संदेष्टा धावत नाही. तो आधी एकेक नुकसान मोजतो : अंजीर फुलला नाही, वेलीला फळ नाही, जैतून फसला, शेतात अन्न नाही, मेंढवाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. सहा गोष्टी मोजून झाल्यावर "तरी" हा शब्द येतो. तुम्हीही आपल्या गावाचं मोजा. बाजरी, सोयाबीन, कांद्याचं रोप, वाहून गेलेला बांध. मोजताना घाई नको, आणि "तरी" हा शब्द मंडळीच्या तोंडी येऊ द्या. त्या ओळी सगळ्यांनी मिळून वाचाव्यात. एकट्या उपदेशकाने तो शब्द लोकांवर लादू नये.

चांगलं वर्ष असेल तर लूक 12 मधला कोठारं पाडून मोठी बांधणारा शेतकरी आठवा. त्याचं सगळं बोलणं स्वतःशी चाललेलं आहे. माझं पीक, माझी कोठारं, माझा माल. त्या दृष्टांतात तो दुसऱ्या कुणाशी एक शब्दही बोलत नाही.

रविवार : संदेशाच्या आजूबाजूला

गीतं संदेश ठरल्यावर निवडा आणि पेटी-तबला वाजवणाऱ्यांना शनिवारीच सांगा. रेव्हरंड टिळकांच्या भजनांत शोकाला आणि आनंदाला दोन्हीला जागा आहे. या दिवसांत सगळी गीतं टाळ्यांची नकोत.

अर्पणाची वेळ नीट योजा. धान्य, भाज्या, कोंबड्या पुढे येतात तेव्हा ज्याच्या हातात काही नाही तो मान खाली घालून बसतो. आम्ही आता प्रत्येक कुटुंबाला शेतातलं एक काहीतरी आणायला सांगतो, मग ते मूठभर माती असो, विळा असो की वाळलेलं पान. अनुवाद 26 मधली टोपली आणणारा माणूस पिकाचं कौतुक करण्याआधी सांगतो की माझा पूर्वज भटका अरामी होता, आम्ही मिसरात दास होतो. तो कबुलीजबाब त्या वेळी सगळ्यांकडून वाचून घ्या, कापणारा मजूर आणि शेताचा मालक एकाच आवाजात. उपासनेनंतरच्या लिलावात बोली मोठी लावणाऱ्याचं नाव पुन्हा पुन्हा पुकारणं टाळा. लेवीय 19:9-10 मध्ये शेताच्या कडा आणि सरवा गरिबासाठी सोडायला सांगितलंय. म्हणून आमच्याकडे आलेल्या मालातला ठरलेला भाग लिलावात न जाता त्या दिवशीच संध्याकाळी गरजूंच्या घरी पोहोचतो. कुणाकडे गेला हे ज्येष्ठ फोडत नाहीत.

आणि निरोपाच्या रविवारी जाणाऱ्या प्रत्येक घराला एक चिठ्ठी द्या. पोस्टकार्डाएवढी, त्यावर महिन्याला एक अशी सहा वचनं मोठ्या अक्षरांत. कोपीत पुस्तक भिजतं, चिठ्ठी बटव्यात राहते. तीच वचनं आम्ही इकडे त्या-त्या महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचतो. मोड आलेली कणसं आणणारी मावशी वाचायला शिकलेली नाही. तिची चिठ्ठी तिची नात वाचून दाखवते, कारखान्यावरून आलेल्या फोनवर, आईला ऐकू जावं म्हणून मोठ्याने.